धन, ऋण आणि वीज

सेलच्या एका टोकाशी अधिकाचे चिन्ह छापलेले असते आणि दुसऱ्या टोकाशी उणेचे. विजेरीत सेल घालताना ही चिन्हे पाहावीत एवढे व्यवहारज्ञान घरातल्या धाकट्या मुलालाही असते, परंतु ही चिन्हे प्रथम कोणी मांडली आणि कशाच्या आधारावर मांडली, असे त्याने विचारले तर वडीलधारी माणसे बहुधा वर्तमानपत्रात तोंड घालतात. शाळेतही त्याची सुटका होत नाही. एका तासाला गुरुजी फळ्यावर बाण काढून सांगतात की विद्युत्प्रवाह धनाग्राकडून ऋणाग्राकडे वाहतो. पुढच्या तासाला तेच गुरुजी सांगतात की तारेतून खरोखर सरकतात ते इलेक्ट्रॉन, आणि ते ऋणाग्राकडून धनाग्राकडे जातात. आणि एखादा चौकस मुलगा उभा राहिलाच, तर ‘फ्रँकलिनसाहेबांची चूक झाली, ती आता दुरुस्त होत नाही’ असे सांगून त्याला खाली बसवले जाते. या तथाकथित चुकीची कुळकथा जितकी चाळावी तितके मला असे वाटू लागले आहे, की तिला चूक म्हणणे हा त्या मूळ पुरुषावर अन्याय आहे, आणि जो घोटाळा उरतो त्याचा दोष चिन्हाकडे कमी व ‘प्रवाह’ या शब्दाकडे अधिक जातो.

मराठी वाचकाला या कुळकथेत शिरताना एक सोय अशी आहे, की धन आणि ऋण हे आपले शब्द मुळातच सावकारीचे आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याहून अधिक आणि शून्याहून उणे राशींच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले ते धन म्हणजे मत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज याच नावांनी, आणि चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात ज्यांच्या कुळाची नोंद आहे त्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’च्या आरंभीच धनर्ण राशींचे व्यवहार सांगून, ऋण राशीच्या डोक्यावर बिंदू द्यावा असा संकेतही घालून दिला. हे शब्द पुढे विजेच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आले तेव्हा भाषांतरकारांना त्यातील योगायोग जाणवला असेल की नाही कोण जाणे; परंतु ज्या माणसाने विजेला अधिक-उणेची चिन्हे दिली तो व्यवसायाने मुद्रक आणि दुकानदार होता, रोजकीर्द आणि खतावणी त्याच्या नित्याच्या परिचयाची होती, आणि त्याने विजेविषयी जो विचार केला त्याची सारी घडण जमाखर्चाची होती.

त्याच्या आधीचा इतिहास थोडक्यात उरकता येईल. घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढतो ही गोष्ट ग्रीकांना ठाऊक होती, आपल्याकडे तृणमणी या शब्दात ती साठवलेली आहे, आणि फारसीत अंबराला कहरुबा, म्हणजे ‘काडी पळवणारा’, असे म्हणत. अरबीत तोच शब्द पुढे विजेचेच नाव होऊन बसला. इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० मध्ये चुंबकावर लिहिलेल्या ग्रंथात काच, गंधक, लाख अशा कितीतरी पदार्थांत हा गुण असल्याचे दाखवले आणि अंबराच्या ग्रीक नावावरून त्यांना नाव दिले, ज्याचा वंशज ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द होय. हा गुण एका वस्तूतून दुसरीत जाऊ शकतो हे मात्र कळायला १७२९ साल उजाडावे लागले, आणि ते कळले ते स्टीफन ग्रे नावाच्या एका उतारवयाच्या रंगाऱ्याला, जो आयुष्यभर कापड रंगवून शेवटी लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रयगृहात राहत होता. काचेची नळी घासली की तिच्या तोंडात बसवलेले बूचही पीस ओढते, हे पाहून त्याने बुचात काडी खोवली, काडीला हस्तिदंती गोळी लावली, मग सुतळी बांधली, आणि केंट परगण्यातील एका मित्राच्या वाड्यात ती सुतळी रेशमी धाग्यांवर आडवी टांगून शेकडो फुटांपर्यंत नेली. एकदा भाराने रेशीम तुटले, म्हणून त्याने बारीक पितळी तार आधाराला लावली, आणि पलीकडच्या टोकाची जादू तत्काळ नाहीशी झाली. आधार बारीक असावा म्हणजे गुण वाटेत गळत नाही, अशी त्याची तोवरची समजूत होती. गळती जाडीवर नव्हे तर जिन्नसावर अवलंबून असते, म्हणजे काही पदार्थ वाहक आणि काही निरोधक असतात, हा भेद त्या तुटलेल्या रेशमाने शिकवला. मला स्वतःला विजेच्या इतिहासातील हा प्रसंग फ्रँकलिनच्या पतंगाच्या प्रसिद्ध कथेपेक्षा कितीतरी अधिक रम्य वाटतो.

फ्रान्सच्या राजाच्या उद्यानाचा प्रमुख दु फे याने १७३३ मध्ये ग्रेचे प्रयोग पुढे नेऊन आणखी एक शोध लावला, की वीज दोन जातींची असते, एक काचेची आणि एक राळेची. सजातीय विजा परस्परांना दूर लोटतात आणि विजातीय जवळ ओढतात. १७४५-४६ मध्ये लायडन येथे, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे पोमेरेनियातही, बाटलीत वीज साठवण्याची युक्ती सापडली, आणि तिचा झटका बसलेल्या मुशेनब्रुक या प्राध्यापकाने पॅरिसला कळवले, की सारे फ्रान्सचे राज्य देऊ केले तरी आपण तो पुन्हा घेणार नाही. फ्रान्सच्या राजाला मात्र दुसऱ्यांना बसलेला झटका पाहण्याची हौस होती, म्हणून नोले या धर्मगुरूने १८० शिपाई हातात हात धरून उभे केले आणि ते सारे एकसमयावच्छेदेकरून उडाले, हे पाहून दरबाराची करमणूक झाली.

याच सुमारास लंडनच्या पीटर कॉलिन्सन या कापडव्यापाऱ्याने फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाला एक काचनळी आणि ती कशी वापरावी याची माहिती भेट म्हणून पाठवली, आणि बेंजामिन फ्रँकलिन आपला छापखाना बाजूला ठेवून तिच्या नादी लागला. १७४७ च्या मे महिन्यात त्याने कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रातील एक प्रयोग असा: दोन माणसे मेणाच्या पाटांवर उभी केली, म्हणजे त्यांचा जमिनीशी संबंध तुटला, पहिल्याने नळी घासली आणि दुसऱ्याने त्या नळीतील वीज बोटाने घेतली. जमिनीवर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला या दोघांपैकी कोणीही बोट लावले तर ठिणगी उडे. पण या दोघांनीच एकमेकांना बोट लावले तर ठिणगी अधिक जोरकस उडे, आणि त्यानंतर दोघांपैकी कोणाच्याही अंगी विजेचा मागमूस उरत नसे. तोवर सर्वसाधारण समज असा होता की घर्षणाने वीज उत्पन्न होते. फ्रँकलिनने हिशेब तपासला आणि सांगितले, की काहीही उत्पन्न झालेले नाही. प्रत्येकाजवळ विजेचा आपापला स्वाभाविक हिस्सा होताच, घासणाऱ्याने त्यातील काही भाग नळीला दिला, नळीने तो दुसऱ्याला दिला, म्हणून एकाच्या खात्यात तूट आली, दुसऱ्याच्या खात्यात तेवढेच फाजील जमले, आणि तिसऱ्याचे खाते बरोबरीत राहिले. फाजील ते अधिक आणि तूट ते उणे. दु फेच्या दोन जाती त्याने अशा रीतीने एकाच द्रव्याच्या दोन शिलकांवर आणून ठेवल्या. आणि एका खात्यातून गेल्याशिवाय दुसऱ्या खात्यात येत नाही, हा प्रभाराच्या अक्षय्यतेचा नियम, ज्याला आजतागायत एकही अपवाद सापडलेला नाही, त्या पत्रात जन्माला आला.

आता घासताना काचेने घेतले की हाताने घेतले, हे ठरवायला त्याच्याजवळ काही साधन होते काय? मुळीच नव्हते. दोन खात्यांतील फरक दिसत होता. रक्कम कोणत्या दिशेने गेली ते दिसत नव्हते. अशा वेळी कारकून करतो तेच त्याने केले, म्हणजे एका खात्याला जमेचे नाव दिले आणि दुसऱ्याला नावेचे, आणि काचेच्या बाजूला जमा मांडली. दीडशे वर्षांनी असे आढळून आले की प्रत्यक्षात काच काही घेत नसून इलेक्ट्रॉन गमावून बसते. परंतु यात हिशेबाची एकही बेरीज चुकत नाही. दोन्ही रकान्यांची शीर्षके अदलाबदल केली असती तरी ताळेबंद तोच आला असता. वहिवाट पडून गेलेल्या पायवाटेला कोणी चूक म्हणत नाही, मग याच वहिवाटीला का म्हणावे?

याच चिन्हाने पुढे त्याला एका मौजेच्या निष्कर्षाप्रत नेले. घरावर लोखंडी सळई उभारून ढगातली वीज घरात आणल्यावर १७५३ मध्ये त्याने ती धन की ऋण हे पारखले, आणि गडगडणारे ढग बहुतेक वेळा ऋण असतात असे त्याला आढळले. म्हणजे ढगात तूट आणि पृथ्वीत फाजील, तेव्हा वीज आकाशातून खाली येत नसून बहुधा पृथ्वीच ढगावर प्रहार करते, असे त्याने निःशंकपणे लिहिले. आपल्याकडे कोणी शेतकऱ्याला ‘वीज चढली’ म्हणायला लावील काय? आपण ‘वीज पडली’ म्हणतो, आणि इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने पाहता बहुसंख्य विजांच्या बाबतीत हाच शब्दप्रयोग यथार्थ ठरतो, कारण ढगातून जमिनीकडे उतरतात ते इलेक्ट्रॉनच. मात्र डोळ्यांना दिपवणारा जो लखलखाट असतो तो जमिनीपासून वर धावत जातो. तेव्हा फ्रँकलिनचा पक्ष अगदीच निकालात निघाला असे म्हणवत नाही.

त्याचा एक-द्रव्य पक्ष सर्वांनी मान्य केला असेही झाले नाही. रॉबर्ट सिमर नावाचे एक गृहस्थ पायांत एकावर एक, पांढरे आणि काळे, असे रेशमी मोजे घालत. संध्याकाळी ते काढून वेगळे करताना चुरचुर आवाज होई, मोजे आत पाय असल्यासारखे फुगत, आणि पांढरा काळ्याकडे झेप घेई. १७५९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी या मोज्यांच्या आधारे प्रतिपादन केले, की विजेची द्रव्ये दोन असून दोन्ही सारखीच खरी आहेत. विद्वानांना हसू आले असेल. परंतु १७८५ मध्ये विद्युत्प्रभारांमधील बलाचे मोजमाप करणाऱ्या कूलोंने फ्रँकलिनला सोडून दोन द्रव्यांचीच बाजू घेतली, आणि आज प्रोटॉन व इलेक्ट्रॉन ही जोडी पाहता सिमरच्या मोज्यांना इतके हसण्याचे कारण नव्हते हे कबूल करावे लागते.

मार्च १८०० मध्ये कोमोहून व्होल्टाने लंडनला पत्र पाठवून चांदी, जस्त आणि खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांच्या चकत्यांची चळत कशी रचावी हे कळवले, आणि प्रकरणाला निराळेच वळण लागले. तोवर वीज म्हणजे एक ठिणगी, एक झटका, आणि खेळ खलास. आता ती अखंड चालू राहू लागली. ‘प्रवाह’ हा शब्द येथे खऱ्या अर्थाने रूढ झाला, आणि त्याच्याबरोबर नदीची सारी कल्पनाचित्रे चोरपावलांनी आत शिरली: उगम असतो, मुख असते, वाटेत पाणी खर्च होते. दिव्यातून गेल्यावर वीज कमी होत असेल ना, हा प्रश्न आजही जो हटकून विचारला जातो तो या शब्दानेच पेरलेला आहे. कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या ओहमने १८२७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की एकाच वाटेच्या मंडलात प्रत्येक ठिकाणी प्रवाह तेवढाच असतो. दिव्यात जेवढा शिरतो तेवढाच बाहेर पडतो. मग दिवा खर्च काय करतो? कोकणातल्या वाडीतला राहाट डोळ्यांपुढे आणावा. गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिती होतात आणि पुन्हा विहिरीत उतरतात. गाडगे एकही कमी होत नाही, पण बाग भिजते, आणि ती भिजण्याची किंमत राहाट ओढणारा देतो. दिवा ऊर्जा घेतो, प्रभार घेत नाही. दृष्टान्त येथेच सोडावा हे बरे, कारण पॉइंटिंगने १८८४ मध्ये दाखवून दिले की ही ऊर्जा गाडग्यातल्या पाण्याप्रमाणे इलेक्ट्रॉनांच्या पाठीवर बसून जात नाही, तर तारेभोवतीच्या विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून जाते. हे ऐकून भल्याभल्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

दिशेचा निकाल लावला तो आंपेअरने. १८२० मध्ये ओर्स्टेडने तारेजवळची चुंबकसूची हलताना पाहिल्याची वार्ता पॅरिसला पोहोचल्यावर आंपेअरने काही आठवड्यांत त्या शास्त्राचा पाया घातला, आणि सूची डावीकडे वळते की उजवीकडे हे सांगण्यासाठी त्याला दिशेची गरज पडली. तो स्वतः दोन द्रव्यांचा पुरस्कर्ता होता. तारेत धन वीज एकीकडे आणि ऋण वीज दुसरीकडे एकाच वेळी जाते असे तो मानी. पण दरवेळी दोन दिशा कोण लिहीत बसणार, म्हणून सोयीसाठी धन विजेची दिशा तीच प्रवाहाची दिशा समजावी असे त्याने जाहीर केले. फळ्यावरचा बाण वस्तुतः याचा आहे. त्यामागे अज्ञान नव्हते. लेखनाची काटकसर होती.

या साऱ्या मंडळींत शब्दांबाबत सर्वांत सावध होता तो फॅरडे. द्रावणांतून वीज नेण्याचे प्रयोग करताना, वाहते ते काय याविषयी काहीच गृहीत न धरणारे शब्द त्याला हवे होते, आणि १८३४ मध्ये त्याने केंब्रिजच्या व्हेवेल या पंडिताला पत्र टाकले. पृथ्वीचे चुंबकत्व विषुववृत्ताला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणाऱ्या एखाद्या प्रवाहामुळे आहे असे कल्पिले, तर मंडल त्या दिशेने ठेवल्यावर एक टोक सूर्योदयाकडे येते आणि दुसरे सूर्यास्ताकडे. म्हणून एकाला ‘वर जाण्याची वाट’ आणि दुसऱ्याला ‘खाली उतरण्याची वाट’ अशी ग्रीक नावे मिळाली, तीच आजची ॲनोड आणि कॅथोड. उद्या विजेविषयीचे मत पालटले तरी उदयास्त पालटणार नाहीत, असा त्यातला हिशेब. आपण मराठीत त्यांना धनाग्र आणि ऋणाग्र म्हणून फॅरडेची सारी खबरदारी पाण्यात घातली, याचे मला वाईट वाटते.

१८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने कॅथोड किरणांचे कण पकडले आणि ते ऋण निघाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तारेतही तेच कण सरकतात याचा पुरावा टॉलमन आणि स्ट्युअर्ट यांनी १९१६ मध्ये दिला तो फारच घरगुती आहे. गाडीने एकाएकी ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे कलतात. त्यांनी तारेचे वेटोळे गरगर फिरवून एकदम थांबवले, आतील प्रवासी जडत्वाने पुढे गेले, क्षणिक प्रवाह उमटला, आणि त्याच्या दिशेवरून प्रवासी ऋण आहेत हे ठरले. एवढ्याने प्रकरण मिटावे, तर एडविन हॉलच्या १८७९ च्या चुंबकीय परीक्षेत सोने एक उत्तर देते आणि लोखंड, जस्त नेमके उलटे, जणू त्यांच्यातील वाहक धन आहेत. याचा उलगडा पुढे पुंजयामिकीने केला. मिठाच्या पाण्यात तर धन आणि ऋण दोन्ही आयन परस्परविरुद्ध चालतात. म्हणजे फ्रँकलिनने उलटे चिन्ह निवडले असते, तरी कोणत्या ना कोणत्या गुरुजींना फळ्यावर बाण आणि कण यांचा विरोध समजावून सांगावाच लागला असता.

वेगाचा प्रश्न यापेक्षाही अवघड निघाला. १७४८ मध्ये वॉटसनने लंडनजवळ दोन मैलांहून लांब तारेतून झटका पाठवला आणि तो तत्क्षणी पोहोचतो असा निर्वाळा दिला. व्हीटस्टनने १८३४ मध्ये फिरत्या आरशाने मोजून सेकंदाला २,८८,००० मैल हा आकडा काढला, जो प्रकाशाच्याही वेगाला मागे टाकतो. आणि १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळातून टाकलेल्या पहिल्या तारेवरून इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सोळा तास लागले. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई-एडन तार समुद्रात सोडली तोवर, सागरी तारेत सुरुवातीला विजेची भरणी करावी लागते म्हणून संदेश पसरट होतो, हे विल्यम टॉमसनच्या गणिताने कळून चुकले होते. संदेशाचा वेग एक, ती भरणी होण्याचा वेळ दुसरा, आणि कणांची स्वतःची चाल तिसरी, या तीन निराळ्या रकमा एकाच ‘विजेचा वेग’ या खात्यावर चढवल्या जात होत्या. त्यातील तिसरी तर विश्वास बसणार नाही इतकी क्षुल्लक आहे: एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह चालू असता इलेक्ट्रॉन तासाभरात सुमारे २६ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे वितीहून थोडा अधिक. बटण दाबताच दिवा लागतो तो बटणापासून निघालेला इलेक्ट्रॉन धावत आला म्हणून नव्हे. तार आधीच काठोकाठ भरलेली असते, आणि चालण्याचा हुकूम जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सर्वत्र पोहोचतो.

मुंबईची पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, आणि उपनगरी गाड्यांनी तो प्रवाह सुमारे नव्वद वर्षे वापरला. त्या काळात वरच्या तारेतील इलेक्ट्रॉन गोगलगाईलाही लाजवील अशा चालीने का होईना, पण एका बाजूला सरकत तरी होते. आता तेथे प्रत्यावर्ती प्रवाह आहे, सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे. घरातल्या दिव्याच्या तारेतही तेच. तेथला इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही न हलता जागच्या जागी थरथरत असतो, आणि तरीही आपण प्रवाह ‘आला’ आणि ‘गेला’ असे म्हणतो.

२० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या बदलली. तारांमधील बल मोजण्याची जुनी रीत सोडून एका मूलभूत प्रभाराचे मूल्य, १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम, हे कायमचे निश्चित करण्यात आले, आणि सेकंदाला असे किती प्रभार जातात यावरून प्रवाह मोजावा असे ठरले. तारेतून जाणारा कण इलेक्ट्रॉनच आहे हे ठरवणाऱ्यांना पूर्णपणे ठाऊक होते; तरीही त्या आकड्यामागे त्यांनी चिन्ह ठेवले ते अधिकाचे, आणि इलेक्ट्रॉनच्या खात्यावर तो पूर्वीप्रमाणेच नावे मांडला जातो.